आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होण्यापूर्वी

चोर येऊ नये म्हणून आपण घराला जाळ्या, कड्या आणि कुलपे लावतो. पण आग लागली तर त्याच घरातून बाहेर कसे पडायचे, याचा विचार किती घरांत होतो? बंगळूरमधील काही दुर्घटना हाच प्रश्न विचारत आहेत.

२१ सप्टेंबर २०२१ ची दुपार. बंगळूरच्या दक्षिण भागात, बन्नेरघट्टा रस्त्याजवळच्या देवरचिक्कनहळ्ळी येथे एका निवासी संकुलातील फ्लॅटला आग लागली. थोड्याच वेळात आगीने रौद्र रूप धारण केले. आसपासच्या इमारतींतील माणसे धावत आली. जळत्या घराच्या बाल्कनीत अडकलेली एक स्त्री त्यांना दिसत होती, तिच्या हाका ऐकू येत होत्या. पण बाल्कनीला लोखंडी जाळी होती. मोकळी हवा हातभर अंतरावर असूनही तिला बाहेर पडता आले नाही. त्या दिवशी वृद्ध आई आणि तिची मुलगी अशा दोघींचा मृत्यू झाला.

अशी जाळी बसवण्यात कोणाचा काही वाईट हेतू नसतो. चोरांची भीती असते, माकडे आत येतात, लहान मूल बाल्कनीतून वाकून पाहते. म्हणून घर घेतल्यावर पहिल्या महिन्यात जाळीवाल्याला बोलावले जाते. बंगळूरच काय, पुणे, ठाणे, नाशिक, बेळगाव येथील बहुतेक इमारतींवर नजर टाकली तर खालपासून वरपर्यंत जाळ्याच जाळ्या दिसतात. बाहेरचा माणूस आत येऊ नये याची व्यवस्था चोख असते. आतला माणूस बाहेर कसा पडेल, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात अपघाती आगींमध्ये सात हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू कारखान्यांत किंवा गोदामांत नव्हे, तर राहत्या घरांत झाले. ज्या जागेला आपण सर्वात सुरक्षित समजतो, तिथेच आग जास्त बळी घेते. आणि यातील बहुसंख्य आगी अगदी साध्या कारणांनी लागतात.

गॅस : नाक सांगते ते ऐका

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. म्हणजे तो वास हा धोक्याचा इशाराच आहे. तरीही ‘आताच सिलिंडर बदललाय, येतो थोडा वास’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते.

सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि कोपऱ्यांत साचतो. हवेत शंभरात सुमारे दोन भाग गॅस मिसळला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. रात्री शेगडीचे बटण नीट बंद झालेले नसते, खिडक्या थंडीमुळे लावलेल्या असतात. पहाटे घरातले कोणीतरी उठते, स्वयंपाकघरात येते आणि सवयीने दिव्याचे बटण दाबते. त्या बटणातली बारीकशी ठिणगी पुरेशी होते.

म्हणून वास आला की विजेचे कोणतेही बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही. एक्झॉस्ट पंखा लावून गॅस बाहेर काढू, हा विचार तर अजिबात नको. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवावी. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सर्वांना घेऊन बाहेर यावे आणि बाहेर आल्यावरच फोन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो.

बंगळूरच्या अनेक वसाहतींत आता नळाने गॅस येतो. हा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्याने तो छताकडे चढतो. त्यामुळे अशा घरांत वरच्या बाजूची झडप किंवा खिडकी उघडी असणे महत्त्वाचे. मॉड्युलर किचन करून घेताना ही झडप फळीमागे झाकली जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. नळाच्या गॅसची मुख्य चावी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

सिलिंडर घेताना आणखी एक गोष्ट दोन क्षणांत पाहता येते. वरच्या कड्याला आतून जोडलेल्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते. ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ म्हणजे जूनअखेर, ‘सी’ म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ‘डी’ म्हणजे डिसेंबरअखेर. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. शेगडीची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी, किंवा भेग दिसली तर त्याआधीच, बदलावी. गळतीची शंका आली तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून पाहणारे आजही आहेत, म्हणून हे सांगावे लागते.

कढईने पेट घेतला तर

तळण चालू आहे आणि दाराची घंटा वाजते. कुरिअरवाला असतो, मग शेजारीण भेटते, गप्पा लांबतात. तिकडे कढईतल्या तेलातून आधी धूर येऊ लागतो. तेलाने दिलेली ती पहिली सूचना. तरीही आच चालूच राहिली तर तेल आपोआप पेट घेते, त्याला ठिणगीचीही गरज लागत नाही.

अशा वेळी घाबरून पाण्याचा तांब्या ओतला जातो आणि घात होतो. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सतराशेपट जागा व्यापते. ही वाफ जळते तेल उसळवून छतापर्यंत आणि ओतणाऱ्याच्या अंगावर फेकते. पेटलेली कढई उचलून मोरीकडे नेणे हेही तितकेच घातक. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करायचा आणि कढईवर मोठी ताटली किंवा परात बाजूने सरकवत झाकायची. हवा मिळाली नाही की आग गुदमरते. कढई पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलायचे नाही. तळणाला बसताना एक परात हाताशी ठेवणे ही सवय फुकटची आणि लाखमोलाची आहे.

बोर्डावरचे ओझे

पोटापाण्यासाठी कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, पुण्याहून बंगळूरला आलेली हजारो मराठी मुले-मुली पी.जी. म्हणून किंवा चौघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. खोलीत भिंतीवर एकच बोर्ड, त्याला एक एक्स्टेन्शन आणि त्या एक्स्टेन्शनवर सगळा संसार : इंडक्शन शेगडी, इस्त्री, लॅपटॉप, चार मोबाइल.

हिशेब साधा आहे. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार. दोन्ही मिळून तेरा झाले. बोर्डाचे साधे सॉकेट मात्र सहा अँपिअरचे असते. जास्तीच्या ओझ्याने तार आतून तापते, तिचे प्लॅस्टिक मऊ होते, काळे पडते आणि एक दिवस पेटते. प्लग गरम लागणे, बोर्डातून चरचर आवाज येणे, जळका वास, दिवा लुकलुकणे ही सारी आगीची आगाऊ पत्रे आहेत. गीझर, इंडक्शन, इस्त्री, एअर कंडिशनर यांना सोळा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच हवे.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगून मोठा बसवून घेणारी घरे आहेत. एमसीबी पडणे हा बिघाड नव्हे, ती चौकीदाराची हाक आहे. तार तीच ठेवून मोठा एमसीबी बसवला तर चौकीदाराचे तोंड बंद होते, चोर तसाच राहतो. पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्या घरात नवी उपकरणे आणण्यापूर्वी वायरिंग परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यावे. गळता प्रवाह पकडणारे आरसीसीबी यंत्र नसेल तर बसवून घ्यावे. तारा, प्लग, बोर्ड आयएसआय चिन्हाचेच घ्यावेत. चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून झोपू नये. इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी असावी, बंद कपाटात नको.

दारातला नवा पाहुणा

गेल्या काही वर्षांत विजेवर चालणारी स्कूटर घरोघर आली. पेट्रोलचा खर्च वाचतो, धूर नाही. बंगळूरच्या रस्त्यांवर तर या गाड्या मोठ्या संख्येने दिसतात. पण तिची लिथियम बॅटरी बिघडली तर ती साध्या आगीसारखी पेटत नाही. आतल्या एका घटाची उष्णता दुसऱ्याला पेटवते, विषारी वायू सुटतात आणि विझल्यासारखी वाटलेली आग पुन्हा भडकते.

मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि घरातल्या बाप-लेकीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा रात्री स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे सरकारी निकष कडक झाले. तरीही वापरणाऱ्याची काळजी सुटत नाही.

बॅटरी झोपण्याच्या खोलीत, किंवा बाहेर पडायच्या दारात आणि जिन्यात चार्ज करू नये. तिथे आग लागली तर वाटच बंद होते. गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी, मग चार्जर लावावा. चार्जर कंपनीचाच असावा. घरचे सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नये. बॅटरी फुगली, आपटली किंवा पाण्यात बुडाली असेल तर ती घरात न आणता सेवा केंद्राला कळवावे.

देवघर आणि दिवाळी

श्रावणापासून कार्तिकापर्यंत मराठी घरात दिवा सतत तेवत असतो. नवरात्रात अखंड दीप, गौरी-गणपतीत समया आणि भोवती मखमली पडदे, थर्माकोलची मखरे, विजेच्या माळा. फ्लॅटमध्ये देवघर बहुधा लाकडी कपाटातच असते आणि दिव्याची ज्योत वरच्या फळीपासून वीतभरच दूर.

श्रद्धेला धक्का न लावता सावध राहता येते. समईखाली पितळी तबक किंवा परात ठेवावी. अखंड दिव्याला काचेचे आवरण असावे. पडदे, कापूस, कागदी सजावट यांपासून दिवा निदान हातभर लांब असावा. घराबाहेर पडताना किंवा सारे झोपताना दिवा शांत करावा. अखंड ठेवायचाच असेल तर कोणीतरी जागे राहावे. पूर्वी वाड्यातल्या देवघराला दगडी कोनाडा असे आणि घरात माणसेही भरपूर असत, हे लक्षात घ्यावे.

फटाक्यांचा साठा घरात ठेवू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळूरच्या सीमेवरील अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकान-गोदामाला लागलेल्या आगीत चौदाहून अधिक कामगार जळून मेले. साठलेल्या दारूला घर आणि गोदाम यांतला फरक कळत नाही.

ज्वाळेपेक्षा धूर भयंकर

आग म्हटली की डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. पण पुष्कळदा जीव जातो तो धुराने. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या सातमजली इमारतीत आग लागली. ती विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून पसरली आणि धूर वरच्या मजल्यांवर कोंडला. श्वास घेता येईना म्हणून माणसांनी काचा फोडल्या, काहींनी खाली उड्या घेतल्या. नऊ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेत आपला तरुण मुलगा गमावलेल्या उदय विजयन यांनी पुढे इतर पीडित कुटुंबांसह ‘बियाँड कार्लटन’ ही संस्था उभी केली. ती गेली अनेक वर्षे अग्निसुरक्षेसाठी काम करते आहे.

कार्लटन टॉवर्स ही कार्यालयांची इमारत होती, पण तिचा धडा घरालाही लागू पडतो. आजच्या घरात फोमच्या गाद्या, सोफे, प्लायवुड, प्लॅस्टिकचे छत असते. हे सामान जळताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस वासाने जागा होईल, या भरवशावर राहू नये. पुष्कळदा तो जागा होतच नाही. म्हणूनच झोपण्याच्या खोल्यांबाहेर छताला बॅटरीवर चालणारा धूरसूचक लावणे शहाणपणाचे. आग लहान असतानाच तो कर्कश आवाज करतो.

वर संसार, खाली गोदाम

बंगळूरच्या जुन्या पेठांचा, म्हणजे चिकपेट, नगरथपेट, कब्बनपेट या भागांचा नकाशा मराठी माणसाला परका वाटू नये. या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबे राहत आली आहेत. पुण्याच्या रविवार पेठेसारखेच अरुंद बोळ, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड.

१६ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे नगरथपेटेतील अशाच एका इमारतीला आग लागली. खालच्या भागात प्लॅस्टिकच्या चटयांचा व्यवसाय आणि वर राहते घर होते. पाच जणांचा बळी गेला. त्यांत एका कुटुंबातील आई-वडील आणि दोन लहान मुले होती.

कर्नाटकच्या अग्निशामक दलाकडे आज नव्वद मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. पण ती शिडी दोन स्कूटर जेमतेम जातील अशा बोळात कशी शिरणार? अशा घरात राहणाऱ्यांनी खाली काय साठवले जाते हे विचारण्यात संकोच करू नये. प्लॅस्टिक, कापड, रसायने, रंग यांचा साठा आणि एकुलता एक जिना एकत्र असतील तर गच्चीवरून शेजारच्या इमारतीत जाण्याची सोय आहे का, ते पाहून ठेवावे. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली जवळ हवी. मुख्य म्हणजे जिन्यात सायकली, खोकी, जुनी रद्दी ठेवणे बंद करावे. हे नव्या सोसायट्यांनाही लागू आहे.

जाळी असू द्या, पण खिडकी ठेवा

मग जाळ्या काढून टाकायच्या का? मुळीच नाही. जाळीवाल्याला एवढेच सांगायचे की प्रत्येक बाल्कनीच्या आणि निदान एका बेडरूमच्या जाळीत माणूस वाकून बाहेर पडू शकेल एवढा उघडणारा भाग ठेव. त्याला बिजागरी असावी, कडी आतून असावी. कुलूप लावायचेच असेल तर किल्ली त्याच खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला कायम टांगलेली असावी, लहान मुलाच्या हाताला लागणार नाही पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशी. बसवलेल्या जाळीतही वेल्डिंग करणारा असा भाग करून देऊ शकतो. खर्च एखाद्या सणाच्या खरेदीएवढाही येणार नाही. वर्षातून दोनदा ती कडी उघडून पाहावी. गंजून बसलेली कडी ऐन वेळी उघडत नाही. वरच्या मजल्यावरून उडी मारायला ही वाट नाही. शिडी लावणाऱ्या जवानाला आत येता यावे आणि अडकलेल्याला बाहेर काढता यावे, यासाठी ती आहे.

मुख्य दाराचेही तसेच. रात्री बाहेरच्या सरकत्या जाळीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये आणि पर्स कपाटात, असे अनेक घरांत चालते. धुरात, अंधारात ते कपाट सापडणार आहे का? मुले परदेशी आणि आई-वडील दोघेच बंगळूरच्या फ्लॅटमध्ये, अशी घरेही आता कमी नाहीत. तिथे वृद्धांची झोपण्याची खोली मुख्य दाराजवळची असावी, चष्मा, काठी, टॉर्च उशाशी असावी आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी.

एखाद्या रविवारी सहकुटुंब तालीम करावी. दिवे मालवून प्रत्येकाने आपल्या खोलीतून दारापर्यंत चाचपडत यायचे. खाली जमायची एक जागा ठरवायची, म्हणजे कोण आले आणि कोण राहिले हे कळेल. मुलांना यात गंमत वाटते आणि ती विसरतही नाहीत. दिवस हवा असेल तर १४ एप्रिल उत्तम. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर प्रचंड स्फोट झाला. आग विझवायला गेलेले साठाहून अधिक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्या घरची तालीम हीदेखील त्यांना वाहिलेली श्रद्धांजलीच ठरेल.

आग लागलीच तर

आग लहान असेल, आपली पाठ दाराकडे असेल आणि हाताशी अग्निशामक नळकांडे असेल तरच विझवण्याचा प्रयत्न करावा. घरासाठी कोरड्या पावडरीचे ‘एबीसी’ प्रकारचे नळकांडे चालते. पिन काढायची आणि फवारा ज्वाळेच्या टोकावर नव्हे, तर बुडावर मारायचा. अर्ध्या मिनिटात आग आटोक्यात आली नाही, तर बाहेर पडायचे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. शक्य असेल तर मुख्य स्विच बंद करावा.

बाहेर पडताना वाकून किंवा रांगत जावे, कारण बरी हवा जमिनीलगत असते. मागचे दार ओढून घ्यावे. बंद दार आग आणि धूर काही काळ थोपवते. लिफ्ट वापरू नये. दागिने, कागदपत्रे, मोबाइल यांसाठी परत फिरू नये. बंद दारामागे आग आहे असे वाटले तर तळहाताच्या मागच्या बाजूने दार चाचपावे. गरम असेल तर उघडू नये. अडकलात तर दाराच्या फटीत ओली चादर कोंबून खिडकीशी यावे आणि रंगीत कापड हलवून खूण करावी.

अग्निशामक दलाचा क्रमांक १०१. सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२. बंगळूरमध्ये पत्ता सांगताना विशेष काळजी घ्यावी लागते. ‘चौथा मेन, सातवा क्रॉस’ हा पत्ता शहरातल्या अनेक वसाहतींत सापडतो. म्हणून वसाहतीचे, ब्लॉकचे नाव आणि जवळचे देऊळ, शाळा किंवा बस थांबा अशी खूण आधी सांगावी. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाने आपला पत्ता कन्नडमध्ये सांगायला शिकून घ्यावे आणि तो दाराजवळ लिहून ठेवावा.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. धावल्याने आग वाढते. चेहरा हातांनी झाकून जमिनीवर लोळावे. दुसऱ्याने जाड सुती किंवा लोकरी पांघरूण, घोंगडी टाकून ज्वाळा दाबाव्यात. भाजलेल्या जागी निदान वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. अंगठ्या, बांगड्या लगेच काढाव्यात, पण चिकटलेले कापड ओढू नये. मग स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

झोपण्यापूर्वी दोन मिनिटे

• शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर दोन्ही बंद केले का?
• समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल विझली का, किंवा सुरक्षित जागी आहे का?
• इस्त्री, गीझर, इंडक्शन, टीव्ही यांची बटणे भिंतीवरून बंद आहेत का?
• स्कूटरचा आणि मोबाइलचा चार्जर काढला का?
• मुख्य दाराची आणि जाळीची किल्ली आपल्या ठरलेल्या खिळ्यावर आहे का?
• दारात, जिन्यात वाट अडवणारे काही ठेवले नाही ना?

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण दुसऱ्याची फजिती सांगताना हसत हसत वापरतो. पण वाहनांनी तुंबलेल्या शहरात बंबाला यायला वेळ लागणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते. पहिली काही मिनिटे घरच्यांनाच निभावून न्यायची असतात. त्या मिनिटांत उपयोगी पडतात त्या फार मोठ्या गोष्टी नसतात : हाताशी असलेली एक परात, उघडणारी एक कडी आणि खिळ्यावर टांगलेली किल्ली. आज रात्री झोपण्यापूर्वी ती किल्ली जागेवर आहे का, एवढे तरी पाहून घ्या.